कूलरमधला गिअर

प्लास्टिकबद्दल बाबारावांचं मत विचारायला कुणी जात नसे, तरी ते सांगत. प्लास्टिक म्हणजे टमरेल. प्लास्टिक म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात वाकणारी खुर्ची, आणि तीही नेमका पाहुणा बसल्यावर. दिग्रसला भगवानरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ज्या माणसानं उभी हयात फिटरकी केली, त्याला जगात लोखंड तेवढं खरं वाटावं यात नवल नाही. बाकीच्या वस्तू देवाघरच्या असतील, पण बाबाराव बौद्ध माणूस, देवाला काही मानत नसत.

लोखंडाचीही ते परीक्षा घेत. जिनिंगमध्ये नवा पार्ट आला की तो ऐरणीवर ठेवायचा, हातोड्याचा एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजला तर मशीनवर, बद्द वाजला तर भंगारात. कामावरून निवृत्त होऊनही त्यांचा हा मान गेला नव्हता. पार्ट आला की भगवानराव माणूस पाठवत, "बाबारावले म्हणा, कान घेऊन या."

आणि अशा माणसाच्या पोटी संघदीप जन्मला, जो प्लास्टिकचे गिअर करत होता. बाबाराव देव मानत असते, तर त्यांनी आधी त्यालाच जाब विचारला असता.

संघदीप पुण्याला एका प्लास्टिकच्या कंपनीत बरीच वर्षं होता. मग बायको दीपमाला आणि लहानग्या खुशीला घेऊन दिग्रसला परत आला आणि दारव्हा रोडवर टिनाचं शेड टाकून त्यात एक जुनी मोल्डिंग मशीन बसवली. साबुदाण्यासारखे दाणे वरच्या चाडीत ओतायचे, मशीन ते तापवून पाक करणार, पिचकारीसारखा तो पाक लोखंडी साच्यात दाबणार, आणि थंड झाला की साचा उघडून वस्तू टपकन खाली. आधी तो नळाच्या चाव्या आणि डब्यांची झाकणं काढायचा. या उन्हाळ्यात त्यानं मोठी उडी घेतली होती, थेट जिनिंगच्या मशीनचे गिअर.

"बाबा, हे बादलीचं प्लास्टिक नोय," तो सांगे. "नायलॉन हाय, काचेचे तंतू टाकलेलं. गाड्यायच्या इंजिनात लावतेत."

"काच टाकली? मंग त फुटनच," बाबाराव म्हणत.

खरं तर पोराचं म्हणणं बाबारावांना कळत होतं. जिनिंगमध्ये कापूस हवेत उडतो, जिथं नजर जाईल तिथं रुई. मशीनमध्ये कापूस लोटणारा जो फीडर असतो, त्याचे लोखंडी गिअर एकमेकांवर घासतात. एखादा दात तुटला, एक ठिणगी पडली, की संपलं. आग म्हटलं की बाबारावांच्या अंगावर अजून काटा येई, कारण बादल्या घेऊन धावलेल्यांत ते पहिले असत. नायलॉनचा दात ठिणगी पाडत नाही. पण हे कबूल करायचं म्हणजे टमरेल मागं घ्यावं लागणार, आणि बाबारावांनी बोललेला शब्द आजवर मागं घेतलेला नव्हता. सत्यशीलाबाईंना विचारा. त्यांच्या संसाराची अर्धी भांडणं तेवढ्यापायीच झाली होती.

भीमजयंती होऊन गेली आणि उन्हानं डोकं वर काढलं. एका दुपारी बाबाराव कूलरसमोर डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, पण झोपलेल्या माणसाजवळ लोक मोकळं बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. आत स्वयंपाकघरात संघदीप दीपमालाला सांगत होता, "भगवानराव म्हणे, बाबारावनं ठोकून हो म्हटलं तर साऱ्या फीडरले तुहेच गिअर. जमलं तर जमलं. नाई तर बुद्धपौर्णिमा झाली का मशीन इकून टाकू. पुण्याच्या कंपनीवाल्याचा फोन आल्ता. ये म्हणते."

"अन् आई-बाबा?"

"ते कायले येतेत पुण्याले? बाबाले तिथं ठोकाले काय भेटन?"

बाबाराव तसेच पडून राहिले. पोरं आल्यापासून या घराला पुन्हा घरासारखा आवाज आला होता. खुशी त्यांच्या पोटावर बसून त्यांनाच गोष्ट सांगायची आणि ते ऐकायचे. ती पुण्याला गेली तर या घरात फक्त कूलर बोलणार. उसासा ओठावर आला होता, पण झोपलेल्या माणसाला तो टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संघदीप जेवायला घरी आलेला पाहून बाबाराव हळूच शेडवर गेले. दाराची किल्ली कुठं असते ते त्यांना माहीत होतं, कारण ती जागा त्यांनीच सुचवली होती. आत एका पिशवीत नमुन्याचे काळे गिअर होते. त्यांनी एक उचलून खिशात टाकला. आपल्याच पोराची चोरी! पण बिचाऱ्याची परीक्षा चारचौघांत होण्याआधी एकदा घरी पाहून घ्यावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

घरी येऊन त्यांनी गिअर उंबऱ्यावर ठेवला, हातोडा उचलला, आणि खाली ठेवला. फुटला असता तर? मग बुद्धपौर्णिमेपर्यंत रोज ते मनात घेऊन फिरावं लागलं असतं. फिटरनं आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा टाळली.

त्याऐवजी त्यांनी सोपी परीक्षा काढली. प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी कूलरचं दार काढून गिअर टाकीत सोडला. तो दगडासारखा तळाला गेला. बाबारावांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सत्यशीलाबाई मागून आल्या. "टाकीत काय चाचपून राह्यले? तो पंप पाहा, आडवा होते सारखा. खसवर पाणीच नाई चढून राह्यलं. कशाचं तरी वजन ठेवा त्याच्यावर."

बाबारावांनी गिअर पंपाच्या नळीत ओवून वर ठेवला. पंप मुकाट उभा राहिला, पाणी चढलं आणि गार वारा सुरू झाला. संघदीपचा गिअर काही का होईना, कामी आला, असं म्हणून बाबाराव पडले आणि तो विषय विसरले.

परीक्षेचा दिवस बुद्धपौर्णिमेच्या थोडा आधी आला. हंगाम संपला होता, जिनिंगमधल्या मशीन दुरुस्तीसाठी उघडून ठेवल्या होत्या. ऐरणीजवळ भगवानराव खुर्ची टाकून चहा पीत बसले होते आणि रिकामे बसलेले सगळे मिस्त्री तमाशा पाहायला जमले होते. संघदीपनं गिअरची पिशवी अशी आणली होती, जशी नवी सून साडी आणते. घडीवर घडी, वर सील. नायलॉनचा वैरी म्हणजे ओल, हे तो पुण्याला शिकला होता. दाणे ओले राहिले तर मालावर चट्टे पडतात, म्हणून दाणे भट्टीत सुकवूनच मशीनमध्ये घालायचे. त्यानं पुढं जाऊन तयार गिअरही त्याच भट्टीत सुकवून, कोरडे ठणठणीत करून, गरम असतानाच पिशवीत बंद केले होते. कामात कसूर नको म्हणून.

बाबारावांनी घरून निघतानाच ठरवलं होतं, ठोका हलका मारायचा. नुसता हातोडा टेकवायचा आणि हो म्हणायचं. पण ऐरणीसमोर उभं राहिलं, हातोड्याचा दांडा तळव्यात बसला, आणि हातानं मालकाचं ऐकलंच नाही. जसा लोखंडावर मारायचा तसाच त्यानं मारला. कट्ट असा आवाज झाला, गिअरचे दोन तुकडे झाले आणि एक दात उडून भगवानरावांच्या चहात पडला.

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भगवानरावांनी कपात बोट घालून दात काढला, उजेडात धरला आणि हळूच म्हणाले, "संघदीप, मन नोको खराब करू. पण आपलं लोखंडच बरं."

संघदीपनं तुकडे वेचले, पिशवीत टाकले. परत येताना बाप-लेक एकाच गाडीवर होते. बाबारावांना पाठीमागून पोराची मान दिसत होती, उन्हानं रापलेली. मी हलका ठोका मारणार होतो रे, हे वाक्य ते वाटभर मनात जुळवत राहिले. घरी पोचेपर्यंत ते वाक्य शिळं झालं होतं.

घरी दीपमालानं दोघांचे चेहरे पाहिले. तिनं माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि पुसायला घेतली. सत्यशीलाबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं. ते पाहणं ठोक्यापेक्षा जड होतं.

बाबाराव कूलरपाशी जाऊन बसले. हात रिकामा होता आणि मनात आग होती. त्यांना आठवलं, एक टमरेल अजून टाकीत बसलंय. सगळ्या भानगडीचं मूळ! त्यांनी दार काढलं, पंपावरचा गिअर ओढून काढला, उंबऱ्यावर आपटला आणि हातोडा घेतला. यावेळी हात आणि मन एका मताचे होते. त्यांनी सगळा राग एकवटून घाव घातला.

हातोडा टणकन उडाला आणि त्यांच्याच कपाळाला लागता लागता राहिला.

गिअर जागेवर होता. बाबारावांनी वाकून पाहिलं. नुसता एक ओरखडा होता. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा हातोडा माघारी आला. तिसऱ्यांदा तर त्यांनी दोन्ही हातांनी मारला, आणि उंबऱ्याच्या फरशीचा टवका उडाला.

"आता घर पाडता का?" सत्यशीलाबाई धावत आल्या.

"संघदीप!" बाबाराव ओरडले. "अबे पोट्ट्या, इकडं ये!"

संघदीप आला. त्यानं उंबऱ्यावरचा गिअर पाहिला, हातोडा पाहिला, बापाला पाहिलं. "हा कुठून आणला तुमी?"

आता आली का पंचाईत. बाबारावांनी आधी छताकडं पाहिलं, मग सत्यशीलाबाईंकडं. तिथून मदत येईना. "तुह्या शेडवरून," ते म्हणाले. "चोरला म्या. भीमजयंती झाल्यावर. तवापासून कूलरमंधी हाय."

"कूलरमंधी? पाण्यात?"

"मंग कूलरमंधी काय दूध राह्यते?"

संघदीपनं हातोडा मागितला आणि स्वतः एक घाव घातला. मग तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि कपाळावर हात मारून घेऊन हसायला लागला. दीपमाला बॅग पुसायचं सोडून दारात आली. नवऱ्याचं डोकं फिरलं की काय असं तिला वाटलं असावं.

"बाबा, म्या किती येडा हाय," तो म्हणाला. "पुण्याले आमच्या शेडात गिअर निघाले का ते पेट्यात भरून पलीकडच्या खोलीत जायचे. तिथं मोठे हंडे राह्यत, वाफा निघत. मले वाटे, तिथं माल धुतेत! इतकी वर्सं मले वाटलं धुतेत. धूत नसत बाबा, शिजवत! नायलॉन पाणी पिते. कोरडं असलं का कच्च्या डाळीवानी तडकते, पाणी पिलं का चिवट होते. अन् म्या येडा त्याले आनखी सुकवून ठेवत होतो!"

बाबारावांनी गिअर उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे कूलरनं शिजवलं."

"तुमी शिजवलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "चोरून."

मग शिजवायचा प्रश्न आला. गिअर भरपूर, आणि घरातलं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं. त्याहून मोठं भांडं एकच होतं, विहारातला गंज, ज्यात बुद्धपौर्णिमेची खीर होई. आणि तो गंज महिला मंडळाच्या, म्हणजे सत्यशीलाबाईंच्या ताब्यात होता.

"नाई," त्या म्हणाल्या.

"आई, मालक थांबणार नाई. अन् कंपनीवालाही—"

"खीर आधी. लेकरायच्या तोंडी जाणाऱ्या भांड्यात आधी तुहे काळे चाकं नाई जाणार. पौर्णिमा होऊ दे, खीर वाटू दे, मंग त्यात हत्ती उकड."

बाबारावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोची बाजू घेतली. भगवानरावांकडं ते स्वतः गेले आणि म्हणाले, "मालक, पौर्णिमेपर्यंत लोखंडाची ऑर्डर देऊ नोका. माह्या ठोक्यात चूक झाली." भगवानराव पाहतच राहिले. या तोंडून चूक हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

पौर्णिमेला खीर झाली, वाटली, गंज चाटूनपुसून रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो विहारामागच्या निंबाखाली तीन दगडांवर चढला. खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ, आत पाणी आणि पाण्यात काळे गिअर. जाळापाशी कोण बसणार याची चर्चा झालीच नाही. बाबाराव आधीच बसले होते, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, हातात खिरीचा मोठा पळा घेऊन. वरून वैशाखाचं ऊन, समोरून जाळ. पण त्यांना उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबत. "काका, काय शिजवून राह्यले?"

"गिअर."

"शिजले का?"

"पाह्यतो ना," म्हणून बाबाराव पळ्यानं एक काढत, दगडावर ठेवत आणि ठोकत. पहिल्यांदा काढला तो तडकला. "कच्चा हाय," ते म्हणाले आणि त्यांनी पऱ्हाटी आत सारली. संघदीप शेजारी उभा राहून सांगत होता की बाबा, याला वेळ लागतो, सारखे काढू नका. पण ज्याच्या हाती पळा त्याचं राज्य. दिवस कलायला लागला तेव्हा एक गिअर असा निघाला, की त्यावरून हातोडा उडून थेट निंबाच्या बुंध्याला लागला.

"शिजला!" बाबारावांनी इतक्या जोरानं आरोळी ठोकली की विहाराच्या ओट्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. खुशी सगळ्यात जोरानं.

गिअर पाण्यातच थंड होऊ दिले, पुसले आणि दुसऱ्या दिवशी जिनिंगवर नेले. तिथं मोजताना एक कमी भरला. तो कच्चा निघून फुटला होता, आणि फोडणारा गुन्हेगार समोरच उभा होता. बाबारावांनी मुकाट खिशातून कूलरमधला गिअर काढला आणि बाकीच्यांत ठेवला.

"हे घ्या मालक," त्यांनी हातोडा भगवानरावांपुढं धरला. "यावेळी तुमी ठोका. माह्या हातावर भरोसा नोका ठेवू, आता तो पोराच्या बाजूचा हाय."

भगवानरावांनी चहाचा कप आधी लांब ठेवला. मग घाव घातला. हातोडा उडाला, गिअर बसून राहिला. त्यांनी तो उचलून पाहिला, नाकाशी नेला. "बाबाराव, याले इलायचीचा वास काहून येऊन राह्यला?"

"पौर्णिमेचा प्रसाद समजा," बाबाराव म्हणाले.

पण फीडरवर बसवताना नवीच अडचण निघाली. पाणी पिऊन गिअर किंचित फुगले होते, दात दातात घट्ट बसत होते. संघदीपचा चेहरा पडला. बाबारावांनी त्याला बाजूला केलं, आडवे पडून फीडरखाली घुसले, ब्रॅकेटचे नट सैल केले, खाली पत्र्याची एक पातळ पट्टी सारली आणि पुन्हा आवळले. हातानं चाक फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं. "लोखंडाले जागा कमी लागते," ते खालूनच म्हणाले, "याले जरा जास्त. माणसायचंबी तसंच हाय."

उरलेला कापूस टाकून मशीन सुरू केली. फीडर म्हटलं की खडखडाट, हे त्या शेडातल्या प्रत्येक कानाला पाठ होतं. आता नुसती सरसर होती. सगळे मिस्त्री एकमेकांकडं पाहायला लागले.

"चालू झाली का?" भगवानरावांनी विचारलं.

कापूस पुढं सरकत होता. बाबारावांनी सवयीनं कान लावला आणि तिथंच उभे राहिले. ज्या आवाजावर त्यांनी आयुष्यभर विश्वास टाकला तो इथं नव्हता, आणि तरी त्यांना फार बरं वाटत होतं. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"चालू हाय मालक," ते म्हणाले. "टमरेल नोय ते. माह्या पोराचं काम हाय."

भगवानरावांनी मान हलवली. "मंग सारे फीडर याचेच. संघदीप, कधी देतं?"

संघदीपनं उत्तर द्यायच्या आधी बापाकडं पाहिलं. "बाबाले इचारा. शिजवणारे ते हाय."

घरी आले तेव्हा ती मोठी बॅग पुन्हा माळ्यावर गेलेली होती. बातमी फोनवरून आधीच पोचली होती आणि खुशी अंगणभर ओरडत सुटली होती. बाबाराव कूलरसमोर आडवे झाले, तर आतून गरम वारा. पंप पुन्हा आडवा झाला होता, आणि त्याच्यावर ठेवायचा गिअर आता भगवानरावांच्या फीडरमध्ये फिरत होता.

"वजन ठेवा कशाचं तरी," सत्यशीलाबाई आतून म्हणाल्या.

बाबारावांनी इकडंतिकडं पाहिलं. मग कोपऱ्यातला हातोडा उचलला, टाकीत सोडला आणि पंपाला टेकवून उभा केला. पाणी चढलं.

संघदीप दारातून पाहत होता. "बाबा, जंग लागन ना त्याले!"

"लागू दे," बाबाराव म्हणाले आणि कुशीवर वळले. "तू आता पुण्याले नोको जाऊ म्हंजे झालं."